तिकडे पाऊस कधी असतो गं?

रविवारची दुपार. साडेतीन वाजलेले. लॅपटॉपवर एकोणीस टॅब उघडे. व्हिडिओ कॉलवर मेलबर्नहून माझा धाकटा भाऊ ओंकार. तिकडे रात्रीचे नऊ, हातात मॅगीचा बोल. दोघांच्या मध्ये आमची लाडकी एक्सेल शीट. पहिल्या कॉलममध्ये तारीख, दुसऱ्यात विमान, तिसऱ्यात राहायची सोय आणि चौथ्यात 'आईला झेपेल का?' खुद्द आई डायनिंग टेबलापाशी गवार निवडत बसलेली.

"डन!" ओंकार म्हणाला. "तेवीस डिसेंबर ते दोन जानेवारी. आमचं ऑफिसच बंद असतं तेव्हा, रजा मागायची कटकटच नाही. ताई, तू केर्न्सची तिकिटं बघ. पोर्ट डग्लसचं अपार्टमेंट मी बघतो."

"सॉलिड!" म्हणत मी माउसचा बाण 'पे नाऊ'वर नेलासुद्धा.

तेवढ्यात आईनं मान वर न करता विचारलं, "तिकडे पाऊस कधी असतो गं?"

खरं सांगते, एकोणीसपैकी एकाही टॅबमध्ये याचं उत्तर नव्हतं. कॅफे कुठला भारी, सनसेटचा फोटो कुठून मस्त येतो, कुठल्या अपार्टमेंटला पूल आहे, सगळं होतं. पाऊस कधी असतो, हे मात्र दोन पोस्ट ग्रॅज्युएट मुलांपैकी कुणालाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

आधी थोडं बॅकग्राउंड. बाबांना जाऊन आता दीड वर्ष झालं. ओंकार पोचला तेव्हा तिसरा दिवस उजाडला होता. तेरावा झाला आणि चौदाव्या दिवशी तो परत गेला. नोकरी नवी, रजा शिल्लक नाही, होते तेवढे सगळे दिवस बिनपगारी. तेव्हापासून आम्ही तिघं दर रविवारी स्क्रीनवर भेटतो. यंदा ठरवलं, प्रत्यक्ष भेटायचं. डोंबिवलीला नाही, मेलबर्नलाही नाही, तिसऱ्याच ठिकाणी. आयडिया ओंकारची. आईनं एकच अट घातली, समुद्र हवा. तिचं माहेर गुहागरचं, त्यामुळे यात चर्चेला वाव नव्हता. ओंकारला शांतता हवी होती, मॉलबिल नको. मला हिरवं काहीतरी हवं होतं. या तिन्ही अटींतून बाहेर आलं, पोर्ट डग्लस.

एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला प्रवाळ

ऑस्ट्रेलियाचा नकाशा आठवा. उजवीकडे वर जे शिंगासारखं टोक निघालंय ना, त्याच्या पायथ्याशी पूर्व किनाऱ्यावर केर्न्स. तिथून उत्तरेला साधारण ७० किलोमीटरवर हे गाव. गावाला स्वतःचा विमानतळ नाही. केर्न्सला उतरायचं आणि कॅप्टन कुक हायवेनं तासभर गाडी हाकायची. रस्ता समुद्राला चिकटून जातो, डोंगर दुसऱ्या अंगाला. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून धावतात.

गावाची वस्ती साडेतीन हजारांच्या आसपास. म्हणजे डोंबिवलीतल्या चार-पाच सोसायट्या एकत्र केल्या की झालं पोर्ट डग्लस! मुख्य रस्ता एकच, मॅक्रॉसन स्ट्रीट. रमतगमत चाललात तर फोर माइल बीचपाशी येऊन संपतो. ताडमाड, नारळ, आणि सायकल चालवता येईल इतकी घट्ट, सपाट वाळू. रविवारी समुद्राकाठच्या बागेत बाजार भरतो. बस, एवढंच गाव.

पण या एवढ्याशा गावाच्या दोन्ही हातांना जागतिक वारसा आहे. समोर ग्रेट बॅरियर रीफ, २,३०० किलोमीटर लांब, १९८१ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेली. पाठीशी डेन्ट्रीचं पर्जन्यवन ज्याचा भाग आहे ते वेट ट्रॉपिक्स, १९८८ पासून त्याच यादीत. हे जंगल अॅमेझॉनपेक्षाही जुनं मानलं जातं. दोन वारसास्थळं अशी एकमेकांना खेटून असणं दुर्मीळच. केप ट्रिब्युलेशनला तर जंगल संपतं आणि पुढच्याच पावलाला वाळू सुरू होते. हे नावही फंडू आहे. १७७० च्या जूनमध्ये कॅप्टन कुकचं जहाज इथल्याच प्रवाळावर आपटलं, म्हणून त्यानं भूशिराचं नावच 'संकट' ठेवून टाकलं.

गावानंही संकटं काही कमी पाहिलेली नाहीत. १८७७ मध्ये जवळच्या सोन्याच्या खाणींसाठी बंदर म्हणून ते वसलं. मग आतल्या खाणींकडे जाणारी रेल्वे केर्न्सला मिळाली आणि याचा भाव उतरला. १९११ च्या चक्रीवादळात जवळजवळ सगळी घरं गेली. पुढची कित्येक वर्षं ते निवांत पेंगत पडलं होतं. १९८० च्या दशकाच्या शेवटी मोठं रिसॉर्ट आलं आणि मग पर्यटक आले.

चक्रीवादळ हा शब्द वाचताना तेव्हाच माझी ट्यूब पेटायला हवी होती. नाही पेटली. आईनं पेटवली.

त्यांचा डिसेंबर, आपला जुलै

तर 'पाऊस कधी' याचं उत्तर. पोर्ट डग्लसला ढोबळमानानं दोनच ऋतू, कोरडा आणि ओला. मे ते ऑक्टोबर कोरडा. नोव्हेंबरमध्ये उकाडा वाढत जातो आणि डिसेंबर ते एप्रिल ओला. त्यातले जानेवारी, फेब्रुवारी, मार्च म्हणजे आपला जुलैच समजा. चक्रीवादळांचा मोसमही नोव्हेंबर ते एप्रिलच. म्हणजे आपण माळ्यावरून स्वेटर काढतो तेव्हा ते छत्र्या काढतात.

१३ डिसेंबर २०२३ ला जास्पर नावाचं चक्रीवादळ पोर्ट डग्लसच्या उत्तरेला किनाऱ्यावर आलं. वारा ओसरला, पण पाऊस तिथेच ठाण मांडून बसला. डोंगरातल्या काही ठिकाणी पाच-सहा दिवसांत दोन मीटरहून जास्त पाऊस पडला. मीटर, बरं का! मुंबईकरांना समजेल अशा भाषेत सांगायचं तर २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता. त्याच्या दुपटीहून जास्त. नद्या फुगल्या, वुजल वुजल या छोट्या वस्तीतल्या लोकांना हेलिकॉप्टरनं हलवावं लागलं. आणि ज्या सुंदर कॅप्टन कुक हायवेवरून गाणी म्हणत जायचं आम्ही ठरवलं होतं, तो दरडी कोसळून कित्येक आठवडे बंद होता. ऐन नाताळात.

दरवर्षी असं होतं असं नाही. पण भावाला दीड वर्षानं भेटायचं असेल, तर एवढा मोठा जुगार डिसेंबरवर लावावा का?

आणि पाऊस एकवेळ चालेल हो, डोंबिवलीची माणसं आम्ही. पण समुद्र? नोव्हेंबर ते मे तिथे 'स्टिंगर सीझन' असतो. स्टिंगर म्हणजे विषारी जेलीफिश. एक बॉक्स जेलीफिश, जिच्या दंशानं माणूस काही मिनिटांत दगावू शकतो. दुसरी इरुकांजी, नखाएवढी, पाण्यात दिसतसुद्धा नाही. म्हणून त्या महिन्यांत फोर माइल बीचवर पाण्यात जाळी लावतात, त्या चौकोनाच्या आतच डुंबायचं. अंगात डोक्यापासून पायापर्यंत लायक्राचा सूट. किनाऱ्यावर खांबाला व्हिनेगरची बाटली टांगलेली, दंश झाला तर लगेच ओतायला.

हे सगळं मी आईला वाचून दाखवलं. मला वाटलं घाबरेल. ती शांतपणे म्हणाली, "म्हणजे त्यांची नारळी पौर्णिमा व्हायचीय अजून."

एका वाक्यात विषय संपला. कोकणातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. पावसाळ्यात दर्या खवळलेला असतो, माशांची पैदास चालू असते, म्हणून होड्या वर ओढून ठेवायच्या. पुनवेला नारळ वाहायचा आणि मगच पाण्यात. आता सरकारी नियमही तेच सांगतो, १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. समुद्राला त्याचं कॅलेंडर असतं, हे आईला गुहागरला असतानाच माहीत होतं. आमचं कॅलेंडर एचआरकडून येतं.

आमच्या घरात ट्रिपचं प्लॅनिंग नेहमी असंच व्हायचं. बाबा रेल्वेचं टाइमटेबल घेऊन बसायचे. गाडी, बर्थ, कनेक्शन, स्टेशनवर किती वाजता पोचायचं, सगळं त्यांच्याकडे. आई फक्त विचारायची, तिथे ऊन किती, पाऊस कधी, आंबे असतील का. गाडी बाबांची, ऋतू आईचा. आम्ही दोघांनी बाबांची बाजू तर उचलली, एकोणीस टॅब उघडून. आईच्या बाजूचा कॉलम शीटमध्ये घालायलाच विसरलो.

'घरी नको ना, ताई'

"मग ऑगस्ट," मी म्हटलं. "कोरडा मोसम. हवा पंचवीस-सव्वीस डिग्री, जेलीफिशचा धोका अगदी कमी, जंगलातल्या वाटा सुक्या."

"ताई, आज ऑक्टोबर चालू आहे," ओंकार म्हणाला. "अजून दहा महिने?"

आई गवारीचं ताट उचलून आत गेली. काही बोलली नाही. कुकरचा आवाज मात्र जरा जोरात आला.

मग मी सहज म्हणून गेले, "अरे मग डिसेंबरात घरीच ये ना. तेवीस ते दोन. ऑफिस तर बंदच आहे."

स्क्रीन फ्रीझ झाली असं मला वाटलं. नेटवर्क ठीक होतं. तोच गप्प झाला होता.

"घरी नको ना, ताई," तो शेवटी म्हणाला. "तिकडे आलो की... दार उघडल्यावर बाबांची खुर्ची दिसणार. इथे मला वाटत राहतं की ते घरी आहेत, फक्त फोनवर येत नाहीयेत. म्हणून तर म्हटलं, तिसरीकडे भेटू."

म्हणजे पोर्ट डग्लस, रीफ, डेन्ट्री, ही सगळी शीट भावानं कशासाठी भरली होती, ते मला तेव्हा कळलं. मी इतके दिवस त्याला चिडवत होते, की आईला भेटायला कुणी क्वीन्सलँडला बोलावतं का! आता काय बोलावं सुचेना. मीसुद्धा ती खुर्ची हलवली नव्हती, तिच्यावर नुसते कपड्यांच्या घड्यांचे ढीग रचत होते.

आई कधी मागे येऊन उभी राहिली कळलं नाही. तिनं ओंकारला एवढंच सांगितलं, "खुर्ची आहे तिथेच आहे. ये आणि बस त्यावर. मग जाऊ तुझ्या त्या समुद्रावर."

पुढच्या रविवारी कॉल लागला तेव्हा त्यानं आधी तिकिटाचा स्क्रीनशॉट पाठवला. मेलबर्न ते मुंबई, डिसेंबर. दोन दिवस घरी, मग आम्ही तिघं गुहागरला. आणि बघा ना, डिसेंबर हा कोकणाचा किती छान महिना! पाऊस नाही, घाम नाही, सकाळी सुरूच्या बनात गारवा. जो महिना आम्ही पोर्ट डग्लसवर वाया घालवणार होतो, तो हक्कानं आमच्याच किनाऱ्याचा होता.

त्याच आठवड्यात त्यानं मॅनेजरकडे ऑगस्टची रजा मागितली. दहा दिवसांची मागितली, सात दिवसांची मिळाली. "विचारायला इतका टरकलो होतो," तो म्हणाला, "आणि तो म्हणतो, एवढ्या आधी सांगितलंस हे बरं केलंस."

आता ऑगस्टचं

तर नवी शीट. पहिला कॉलम 'ऋतू', मग बाकीचं. ऑगस्ट म्हटलं तरी आईची एक अट उरतेच, गणपतीच्या आधी परत. तारखा त्याप्रमाणे पक्क्या केल्या. जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत तिकडच्या शाळांना सुट्टी असते, तेव्हा गाव भरलेलं आणि भाव चढलेले, म्हणून ते दिवस टाळले. तरी कोरडा मोसम म्हणजे तिथला हाय सीझनच. डिसेंबरची तिकिटं काढून ओंकारचा खिसाही रिकामा झालाय. तेव्हा रात्री पाच, अपार्टमेंट किचनवालं, आणि काटछाट भरपूर.

दिवस पहिला, काही नाही. आम्ही मुंबईहून विमानं बदलत येणार, ओंकार मेलबर्नहून साडेतीन तास उडून. केर्न्सला भेटायचं, तो गाडी चालवणार, संध्याकाळी बीचवर नुसतं बसायचं. घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे, त्यामुळे आईला रात्री झोप लवकर येणार नाही, हे धरून चाललोय.

दुसरा दिवस मॉसमन गॉर्ज, गावापासून वीसेक मिनिटांवर. वाटेत उसाची शेतं लागतात. मॉसमनचा साखर कारखाना १८९७ पासून चालू होता, २०२३ चा हंगाम त्याचा शेवटचा ठरला. हे वाचून आई हळहळली. कारखाना बंद पडणं म्हणजे काय, हे महाराष्ट्रात कुणाला सांगावं लागत नाही. गॉर्जला स्वतःची गाडी आत नेता येत नाही, केंद्रावरून शटल बस. पुढे लाकडी पायवाट आहे, आईच्या गुडघ्यांना चालेल अशी. हा भाग कुकू यलांजी लोकांचा. त्यांचे गाइड जंगलातून फिरवतात, कुठलं झाड कशाला उपयोगी ते दाखवतात. सुरुवातीला धुरानं स्वागत करतात. आपल्याकडे धुपाचा धूर घरभर फिरवतात, त्यामुळे आईला हे भलतंच आवडलं आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये डेन्ट्री राष्ट्रीय उद्यानाची मालकी ईस्टर्न कुकू यलांजी लोकांना परत मिळाली. आता ते आणि राज्य सरकार मिळून कारभार बघतात. म्हणजे आपण कुणाच्या तरी घरी पाहुणे जातोय, हे लक्षात ठेवून जायचं.

तिसरा दिवस डेन्ट्री नदी. नदीवर पूल नाही. केबलवर ओढली जाणारी फेरी गाड्या पलीकडे नेते. "दाभोळ-धोपाव्यासारखी," आई लगेच म्हणाली. अगदी तशीच! पलीकडे विजेचं मुख्य ग्रिड पोचलेलं नाही, सोलर आणि जनरेटरवर कारभार. मोबाइलची रेंजही जेमतेम. ओंकारनं टीमला आत्ताच सांगून ठेवलंय की त्या दिवशी तो मेलला उत्तर देणार नाही. नदीत मगरी असतात, बाराही महिने. त्या होडीतून बघायच्या. नदीत, खाडीच्या तोंडाशी, बोर्ड लावलेल्या ठिकाणी पाण्यात पाय घालायचा नाही. आणि रस्त्यात कॅसोवरी दिसू शकतो. माणसाएवढा उंच, न उडणारा, निळ्या मानेचा पक्षी. जंगलातली मोठमोठी फळं आख्खी गिळतो आणि बिया दूर नेऊन टाकतो. कित्येक झाडांचा तोच माळी. त्यांची संख्या रोडावलीय आणि पुष्कळ जण गाडीखाली मरतात, म्हणून तिथे स्पीड कमी ठेवायचा आणि खायला काहीही घालायचं नाही.

चौथा दिवस रीफ. पहिल्या शीटमध्ये बाहेरच्या मोठ्या प्रवाळापर्यंत जाणारी दिवसभराची बोट होती. दीडेक तास उघड्या समुद्रातून. ती कापली, पैशांसाठी आणि आईच्या मळमळीसाठीही. त्याऐवजी लो आइल्स, गावापासून साधारण १५ किलोमीटरवरची छोटी बेटं, १८७८ चं दीपगृह असलेली. तिथे काठावरून पाण्यात उतरता येतं. ज्याला पोहता येत नाही त्याला काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ दिसतं. पण मनाची तयारी करून जायचं. २०१६ पासून समुद्र तापून प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडण्याच्या घटना या रीफवर पुन्हा पुन्हा झाल्यात, २०२४ मध्येही झाली. फोटोतले सगळे रंग सगळीकडे मिळतीलच असं नाही. जे आहे ते बघायचं, पाय ठेवायचा नाही, तोडायचं नाही.

पाचवा दिवस रिकामा. ओंकारनं तिथे काहीतरी भरलं होतं, मी खोडलं. त्यानं परत भरलं, आईनं खोडलं.

तुमच्यासाठी, थोडक्यात

तुम्ही म्हणाल, आम्हाला रजा डिसेंबरातच मिळते, मग काय करायचं? दोन रस्ते आहेत. एक, जागा बदला. डिसेंबरात कोरडा असणारा समुद्र हवा असेल तर थायलंडचा पश्चिम किनारा आहे, क्राबीच्या बाजूचा, नोव्हेंबर ते एप्रिल छान. किंवा आपलं कोकण, व्हिसाही नको! दोन, पोर्ट डग्लसलाच जा, पण डोळे उघडे ठेवून. भाडी त्या मानानं उतरलेली मिळू शकतात, धबधबे तुडुंब, जंगल हिरवंकंच. फक्त नाताळचा आठवडा गर्दीचा असतो. जाळीच्या आतच पोहा, सूट घाला, बुकिंग रद्द करता येणारं घ्या, इन्शुरन्समध्ये चक्रीवादळ बसतं का ते वाचा आणि दोन दिवस हाताशी जास्तीचे ठेवा.

व्हिसाचा अर्ज ऑनलाइन होतो, व्हिजिटर व्हिसा, सबक्लास ६००. बँक स्टेटमेंट, आयटीआर आणि नोकरदारांना ऑफिसचं रजेचं पत्र तयार ठेवा. मी फ्रीलान्सर, मला रजा मीच देणार, त्यामुळे मी कामाची पत्रं आणि जुनी बिलं जमा करतेय. क्वीन्सलँडमध्ये पर्यटकाला आपल्या देशाच्या वैध लायसन्सवर गाडी चालवता येते, ते इंग्रजीत असलं की सोपं जातं.

आणि बॅग! ऑस्ट्रेलियात खाण्याच्या वस्तूंबाबत नियम फार कडक आहेत. विमानात मिळणाऱ्या कार्डावर जे नेताय ते सगळं जाहीर करा. लपवलंत तर मोठा दंड बसतो. दुधाची मिठाई, ताजी फळं, बिया घरीच ठेवा. आईची बेसनलाडू, पेढे आणि ओलं खोबरं ही यादी एका झटक्यात रद्द झाली. मेतकूट जाहीर करून न्यायचं ठरलंय, पुढे त्यांची मर्जी.

"ऑगस्टात नारळी पौर्णिमा येते," आई काल म्हणाली. "नारळसुद्धा नेऊ देणार नाहीत?"

"नाही गं. पण तिथल्या बीचवर नारळाची झाडं आहेत."

"मग झालं तर," ती म्हणाली. "समुद्र त्यांचा, नारळ त्यांचा. नमस्कार आपला."

ऑगस्ट अजून लांब आहे. सध्या घरात डिसेंबरचं चाललंय. खुर्चीवरचे कपडे मी उचललेत. आईनं गुहागरला मामीला फोन करून झालाय. ओंकारचं विमान पहाटे उतरतं. आई रोज विचारते, "एअरपोर्टला घरून किती वाजता निघायचं गं?"

हे बाबा बघायचे. आता मी बघते. दीडचा गजर लावणार आहे.